येणाऱ्याचें गाणें

रहस्यपटाची जाहिरात करणाऱ्याची स्थिति मोठी अवघड असते. पौराणिक चित्रपट असला तर सीता कोणीं पळविली हें साऱ्या गांवाला ठाऊक असतें. कौटुंबिक असला तर सोशीक सुनेचें शेवटीं भलें होणार हेंहि ठाऊक असतें, आणि तें ठाऊक असूनच लोक जातात. रहस्यपटांत मात्र जें विकावयाचें तेंच झांकून ठेवावयाचें! खून कोणीं केला, भूत खरें कीं सोंग, हें एकदां सांगितलें कीं दुकान मोडलें. या अडचणींतून धंद्याला एक युक्ति सुचली. कथा सांगूं नये, गाणें ऐकवावें. गाण्यांत कोणी तरी कोणाला तरी हांक मारीत असतें. कोण आणि कोणाला, तें तिकीट काढल्यावर.

ही युक्ति पश्चिमेकडेहि चालली. 'लॉरा' हा अमेरिकन बोलपट १९४४ सालीं निघाला तेव्हां डेव्हिड रॅक्सिन यांच्या सुरावटीला शब्दच नव्हते; ती लोकांना इतकी आवडली कीं पुढल्या वर्षीं जॉनी मर्सर यांनीं तिच्यावर शब्द बसविले. हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ची (१९५८) गोष्ट तर याहून मौजेची. लिव्हिंग्स्टन व इव्हान्स या जोडीनें त्याच नांवाचें एक गाणें रचलें, बिली एक्स्टाइन यांनीं तें म्हटलें, तबकडीहि निघाली. पण खुद्द चित्रपटांत त्या गाण्याला जागा मिळाली नाहीं! चौघडा एका घरीं आणि लग्न दुसऱ्या घरीं, असाच हा प्रकार. आपल्याकडे असें सहसा व्हावयाचें नाहीं. आपलें गाणें दाराशीं उभें राहून पाहुण्यांना बोलावतें आणि मग स्वतःहि पंगतीला येऊन बसतें.

या जातीच्या गाण्यांची आपल्याकडील थोरली बहीण म्हणजे 'महल'मधील 'आयेगा आनेवाला'. बॉम्बे टॉकीजचा हा चित्रपट १९४९ सालचा. दिग्दर्शक कमाल अमरोही, शब्द नक्शब जारचवी यांचे, चाल खेमचंद प्रकाश यांची आणि गळा लता मंगेशकरांचा. लताबाईंचें वय तेव्हां जेमतेम वीस. आवाज दुरून जवळ येत आहे असा भास व्हावा म्हणून ध्वनिग्राहक खोलीच्या मध्यभागीं ठेवला होता व आपण कोपऱ्यापासून गात गात पावलापावलानें त्याच्याकडे येत होतों, असें त्या पुढें सांगत असत. आज एक कळ दाबून असले दहा भास निर्माण करतां येतात. तेव्हां तें काम एका मुलीच्या पावलांनीं करावें लागलें. आरंभीं ताल नाहीं. नुसते शब्द, थांबत थांबत. तबकडीवर गाणारीचें नांव पाहावें तर 'कामिनी', म्हणजे चित्रपटांतील नायिकेचेंच! लोक नभोवाणीला पत्रें लिहून विचारूं लागले कीं, ही गाते तरी कोण? एका रहस्यपटानें आपल्या गाण्याचेंहि रहस्य करून सोडलें. चालीचा कर्ता मात्र या गाण्याची कीर्ति फार दिवस पाहूं शकला नाहीं. खेमचंद प्रकाश १९५० सालीं वारले.

पुढें 'बीस साल बाद' (१९६२) आला, 'वह कौन थी' (१९६४) आला. धुकें, पांढरें पातळ आणि लताबाई हा संसार स्थिर झाला. मराठींत राजा परांजपे यांच्या 'पाठलाग'साठीं (१९६४) माडगूळकरांनीं शब्द दिले, दत्ता डावजेकरांनीं चाल दिली आणि आशा भोसले गाइल्या. त्याच कथेवर दोन वर्षांनीं हिंदींत 'मेरा साया' निघाला आणि मदनमोहन यांच्या चालीनें त्यानें देश जिंकला. आम्हांला विचाराल तर मराठी गाणें अधिक घरगुती आहे आणि म्हणूनच अधिक भिववितें. हा आमचा पक्षपात समजावा.

पण हें सारें आम्हीं मागाहून वाचून-ऐकून जाणलें. 'महल'शीं आमची गांठ पडली ती कर्जतास, तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांत, १९६४ च्या चैत्रांत. आम्ही त्या वेळीं दहा वर्षांचे होतों. भाताचीं खाचरें सुकून कोरडीं पडलीं कीं उल्हास नदीपलीकडे फिरत्या सिनेमाचा तंबू येई. दिवसा एक बैलगाडी दोन्ही बाजूंना फळे लावून गांवांत हिंडे. दिवेलागणीला तंबूच्या बांबूवरचा कर्णा सुरू होई: आधीं गणपतीची आरती, मग एखादा अभंग, आणि मग जो खेळ असेल त्याचें गाणें, तेंच तें, खेळ सुरू होईपर्यंत. पंधरा वर्षांपूर्वींचा 'महल' असा आमच्या ओटीवर आला. स्टेशनांत गाड्यांना घाट चढविण्यासाठीं मागून इंजिनें जोडीत, त्यांच्या शिट्या मध्येंच गाण्याला छेद देत. शिटी थांबली कीं गाणें पुन्हां तेथेंच उभें असे.

आजी म्हणे, "तिन्हीसांजेला हें कसलें अवलक्षणी गाणें!" ती दारें लावून घ्यावयास सांगे. धाकट्या काकू मात्र देवापाशीं दिवा लावून मागल्या पडवींत जाऊन बसत, आणि तिकडचें दार उघडेंच राही.

धाकटे काका १९५१ च्या आषाढांत "पुण्यास जाऊन येतों" म्हणून संध्याकाळच्या गाडीनें गेले ते आले नाहींत. भांडण नाहीं, कर्ज नाहीं, चिठ्ठी नाहीं. वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, नाशिक-पंढरपूरचे मठ पाहिले, कोणी काशीस दिसले म्हटल्यावरून आजोबा काशीसहि जाऊन आले. काकूंचें वय तेव्हां बावीस, मूलबाळ नाहीं. बारा वर्षें पत्ता लागला नाहीं तर माणूस गेला असें धरून दर्भाची प्रतिमा करावी व तिला अग्नि द्यावा, असें शास्त्र सांगतें. तीं बारा वर्षें आदल्या आषाढांत भरलीं होतीं. वैशाखांत आमच्या थोरल्या ताईचें लग्न ठरलेलें. लग्नांत काकूंनीं सवाष्ण म्हणून वावरावें कीं नाहीं, हा प्रश्न कोणी मोठ्यानें विचारीत नसे, पण पानें मांडतांना, हळदी कुटण्याचा मुहूर्त काढतांना तो घरांत उभा असे. भटजी दोनदां येऊन गेले होते. लग्नाआधीं विधि उरकावा, असें ठरत आलें होतें.

खेळाच्या शेवटल्या दिवशीं काकू आजोबांसमोर येऊन म्हणाल्या, "मामंजी, मुलांना घेऊन सिनेमाला जाऊन येऊं का?" त्या घरांत आल्यापासून त्यांनीं कांहीं मागितल्याचें कोणास आठवत नव्हतें. आजीनें तोंड उघडलें होतें. आजोबांनीं हात वर केला. म्हणाले, "कंदील घेऊन जा. येतांना गड्याला पाठवितों."

आम्ही बायकांच्या बाजूस, काकूंच्या मांडीला टेकून बसलों. पडद्यावर झोपाळा हलला, घड्याळाचे ठोके पडले, आणि कर्ण्यावर चार दिवस ऐकलेलें तेंच गाणें आतां समोरून येऊं लागलें. आम्हीं डोळे मिटले. काकूंनीं मिटले नसावेत. त्यांचा हात आमच्या डोक्यावर होता तो जराहि हलला नाहीं. पुढें उलगडा होतो. (पाऊणशें वर्षें झालीं, आतां सांगण्यास हरकत नसावी.) भूत वगैरे कांहीं नसतें, माळ्याची मुलगी सोंग घेत असते. तंबूंत "हात्तिच्या!" असा एक मोठा निःश्वास झाला आणि बिड्या पेटल्या.

परतीच्या वाटेवर काकू बराच वेळ बोलल्या नाहींत. पुलावर येतांच म्हणाल्या, "गाण्यांत होतें तें सिनेमांत नव्हतें रे." आम्हांला वाटलें, त्यांना खेळ आवडला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आजोबा पूजेवरून उठले तेव्हां काकू दाराआड उभ्या होत्या. म्हणाल्या, "मामंजी, विधि करावयाचा तर अवश्य करा. आपलाहि मुलगाच आहे. पण मी कुंकू पुसणार नाहीं. ताईच्या लग्नांत मला स्वयंपाकघरांत बसवा, माझें कांहीं म्हणणें नाहीं." आजोबा बराच वेळ पंचा पिळीत राहिले. मग आजीला हांक मारून म्हणाले, "भटजींना निरोप पाठवा, तूर्त नको म्हणावें." तें तूर्त मग तसेंच राहिलें. आजोबा गेले, आजी गेली. विधि झाला नाहीं. काकू १९८९ सालीं गेल्या, कपाळावर कुंकू घेऊन. काका आले नाहींत. ताईच्या लग्नांत काकूंनीं हळद कुटली. मुसळाला हात कोणीं लावावयाचा या वेळीं क्षणभर सगळ्या थांबल्या, तेव्हां आजीनेंच त्यांचा हात धरून मुसळावर ठेवला. आजीचें आम्हांला त्यापूर्वीं इतकें कौतुक कधीं वाटलें नव्हतें.

आज खालापूर तालुक्यांत चौकजवळ नितीन देसाई यांनीं २००५ सालीं उभारलेली चित्रनगरी आहे. पुठ्ठ्याचे महाल पाहावयास लोक तिकीट काढून तेथें जातात. नातवंडांबरोबर आम्हीहि एकदां जाऊन आलों. ऊन फार होतें, आणि मुलांचा सारा जीव कुल्फीवर होता.

त्या चैत्रांत आमच्याकडचा तंबू उठला तो गाड्यांवर लादून खोपोलीस गेला. त्यानंतर आठ-दहा दिवस संध्याकाळीं काकू मागल्या पडवींत बसलेल्या असत. वारा तिकडून आला कीं गाणें ऐकूं येतें, असें आमची धाकटी बहीण सांगे. खोपोली आमच्यापासून चांगली पांच कोस. तेथला कर्णा कर्जतास ऐकूं येणें शक्य नव्हतें.