घोडा आणि माणूस एका छपराखाली

जपानला जाणारे बहुतेक प्रवासी टोकियो-क्योटो पाहून परततात. ईशान्येकडील इवाते प्रांतातले डोंगरांनी वेढलेले तोनो मात्र शेतकऱ्याने पाहावे असे. तेथे ‘देन्शोएन’ या आवारात जुने ‘मागारिया’ घर जतन केले आहे. घर काटकोनात वळलेले; एका अंगाला माणसे, दुसऱ्या अंगाला घोडे. बर्फाच्या दिवसांत चुलीची ऊब जनावरालाही मिळे. आपल्या गोठ्याचाच हा जिव्हाळा!

जवळच एका खोलीत शेतीचे व रेशीमकिड्यांचे दैवत ओशिरासामा यांच्या सुमारे १००० मूर्ती आहेत. मनातली इच्छा कापडावर लिहून लोक ती त्यांना नेसवतात.

तोनोच्या किझेन सासाकी या तरुणाने सांगितलेल्या लोककथा कुनिओ यानागिता यांनी १९१० साली छापल्या, म्हणून त्या टिकल्या. मंडळी, आपल्या आजीच्या गोष्टी कोण लिहून ठेवणार?