बंबाची नळी

आजीच्या मातीच्या माळवदाला चुलीच्या बरोबर वर सवणं, म्हणजे धूर जायचं भोक, होतं. पाऊस आला की वर चढून त्यावर पाटी पालथी घालायची, आणि धूर कोंडला की भिजत जाऊन ती काढायची. ते काम माझं. अंघोळीचं पाणी अंगणातल्या तांब्याच्या बंबात तापे. बंबाच्या पोटातून नळी वर गेलेली. खाली तुराट्या पेटत, धूर नळीतून उघड्यावर जाई.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात आमच्या उमरगा तालुक्यातली कित्येक माळवदं झोपलेल्या माणसांवर बसली. आमचं नवं घर स्लॅबचं झालं. मातीच्या त्या ओझ्याखाली पुन्हा कुणी झोपू नये, हे खरंच. पण स्लॅबला सवणं नव्हतं.

आज मी धाराशिवात गॅसचे गिझर बसवतो. लोकांना तो न्हाणीतच हवा असतो, नळाजवळ. मी नाही म्हणतो. धुराची नळी नसलेला गिझर मी बाहेरच्या भिंतीला, उघड्यावर टांगतो आणि गरम पाण्याची पाइपलाइन आत नेतो. बंद न्हाणीत हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो, कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना रंग, ना वास. चुलीचा धूर निदान डोळ्यांत पाणी आणून बाहेर काढायचा. हा वायू रक्तात प्राणवायूची जागा धरतो; आधी डोकं जड होतं, मग पायातलं बळ जातं, कडीपर्यंत हात पोचत नाही. एका घरी न्हाणीतून बेशुद्ध मुलीला दार फोडून काढलं, तेव्हा मी तिथं होतो. ती वाचली. त्या दिवसापासून या बाबतीत मी कुणाची भीड धरत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

नळीचा गिझर असला तरी नळी आधी सरळ वर चढली पाहिजे, आडवी गेली तर बाहेरच्या बाजूला चढती, आणि तोंड खिडकीखाली नको.

परवा एका काकूंच्या न्हाणीतला नळीचा गिझर बाहेर टांगून पाइप आत न्यायला सांगितला, तर त्यांनी विचारलं, "मिस्त्री, नवी फरशी कापून भोक कशाला?" त्यांच्याकडूनच उदबत्ती मागितली. गिझर पाच मिनिटं चालवला, दारं-खिडक्या लावल्या, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन सुरू केला. उदबत्ती गिझरच्या माथ्याशी धरली, तर धूर नळीत न जाता काकूंच्या तोंडावर आला. फॅन घरातली हवा ओढत होता, तिच्यासोबत नळीतली हवाही उलटी खाली येत होती.

काकू म्हणाल्या, "बाहेरच टांगा."