कारण : वैयक्तिक

दिल्लीच्या एका विद्यापीठाने एम. ए. अर्थशास्त्राच्या वर्गात दिलेला प्रवेश स्वीकारून, शुल्क भरून, 2019 च्या जुलैत मी गोवा एक्स्प्रेसने निझामुद्दीनला उतरलो आणि करोलबागेत आत्याच्या घरी ट्रंक टेकवली, तेव्हा या स्वीकारात माझ्या इच्छेपेक्षा वडिलांच्या हौसेचाच वाटा मोठा आहे, हे मी पुरते जाणून होतो. चारच दिवसांनी पुण्याहून डेक्कन कॉलेजचे पत्र आले : भाषाशास्त्राला प्रवेश मिळाला होता. परत जावयाचे, हा निर्णय त्याच रात्री झाला. अर्ज मात्र मी तेरा दिवसांनी लिहिला.

या तेरा दिवसांचा हिशेब द्यावयाचा तर तो लाजिरवाणाच आहे. सकाळी वह्या घेऊन बाहेर पडावे, मेट्रोने मध्य दिल्लीत जावे, झाडाखाली बसलेल्या बाईकडून काळे मीठ लावलेली जांभळे घ्यावीत आणि संध्याकाळी जांभळी जीभ घेऊन घरी यावे, असा शिरस्ता पडला. आत्याने ती जीभ दोनदा पाहिली. तिसऱ्या दिवशी ताट वाढता वाढता तिने एवढेच विचारले, “अरे, दादाला कळवलंस का?”

याच शहरात चिंतामणराव देशमुखांनी 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले. मला साधे एक बाक सोडवत नव्हते! गंमत अशी की, पुढे ज्या विद्यापीठ अनुदान आयोगाचे ते अध्यक्ष झाले, त्याच आयोगाच्या 2018 च्या हुकुमाने माझ्या दिरंगाईची किंमत ठरवून ठेवली होती : प्रवेशाच्या अंतिम तारखेपूर्वीच्या पंधरवड्यात माघार घेतल्यास शुल्काचा 90 टक्के परतावा, तारीख उलटून पंधरा दिवसांच्या आत 80, पुढे महिना भरेपर्यंत 50, आणि त्यानंतर काही नाही. मी 80 टक्क्यांत बसलो. वडिलांच्या पैशांतले दहा टक्के मी जांभळांच्या झाडाखाली घालविले, असे म्हणावयास हरकत नाही.

दफ्तरातील वयस्क कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला. ‘कारण’ या रकान्यात मी ‘वैयक्तिक’ असे लिहिले होते. खरे कारण लिहावयास त्या रकान्यात जागा होती, पण मला धैर्य नव्हते. त्याने शिक्का उमटविला, पोचपावती फाडून हाती दिली आणि चष्म्यावरून पाहत, न रागावता म्हटले, “पहले बता देते, बेटा. आख़िरी लिस्ट परसों निकल गई.”

पैशांचा विचार करीत आलेल्या मला प्रतीक्षायादीवरील त्या अनोळखी उमेदवाराची आठवण तेथे, त्या खिडकीपाशी, प्रथम झाली. परतावा महिन्याभरात वडिलांच्या खात्यावर जमा झाला. त्या वर्गातील एक जागा त्या वर्षी रिकामीच राहिली.