अण्णा नगरच्या गच्चीवर एक वाद

संक्रांतीला आपण तिळगूळ देतो आणि गोड बोलायला सांगतो. त्याच दिवसांत चेन्नईत पोंगल असतो आणि तिथे घरोघरी टीव्हीवर माणसं हिरिरीने वाद घालत असतात. गेल्या संक्रांतीला मी तिळगुळाचा डबा घेऊन मावशीकडे अण्णा नगरला गेले आणि चार दिवसांत स्वतःच एका वादात अडकले. विषय होता, हिप हॉपमधला आजवरचा सगळ्यात भारी अल्बम कोणता? त्याचीच ही गोष्ट. सोबत अण्णा नगरही बघून घ्या, कारण चेन्नईला जाणारे पाहुणे मरीना बीच आणि महाबलीपुरम करून परततात, इकडे सहसा कुणी फिरकत नाही.

आधी पत्ता

चेन्नई सेंट्रलला उतरलात की तिथेच मेट्रो मिळते. एग्मोर, किल्पॉक, शेनॉय नगर करत ती ‘अण्णा नगर टॉवर’ स्टेशनला येते. वर आलात की सगळ्यात आधी सावली जाणवते. रस्ते रुंद, कडेला मोठी झाडं आणि पत्ते एकदम हिशोबी: सेकंड अ‍ॅव्हेन्यू, थर्ड अ‍ॅव्हेन्यू, अमुक ब्लॉक. तमिळनाडू हाउसिंग बोर्डाने आखून वसवलेली ही वस्ती. मधल्या गोल चौकाला सगळे ‘रौंडाना’ म्हणतात. रिक्षावाल्याला एवढा एक शब्द पुरतो.

मी पोचले तेव्हा दारोदारी कोलम काढलेले होते. कोपऱ्यांवर उसाच्या मोळ्या आणि पानांसकट ओल्या हळदीची रोपं विकायला होती. कोयंबेडूचा मोठा घाऊक बाजार जवळच आहे, त्यामुळे सणाच्या आदल्या दिवशी अख्ख्या भागाला फुलांचा वास येतो.

नगराला नाव आहे ते सी. एन. अण्णादुरै यांचं. 1967 मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्याच काळात, 1969 साली, मद्रास राज्याचं नाव तमिळनाडू झालं. त्यांच्या भाषणांना लोक दुरून दुरून यायचे. एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द, यमकं, ठेका. या शैलीला तमिळमध्ये ‘अडुक्कुमोळी’ म्हणतात. अडुक्कु म्हणजे थर, एकावर एक रचणं. हे मला मावसभावाने सांगितलं आणि वर म्हणाला, “ताई, आमचे पहिले रॅपर तेच.”

मावसभाऊ चेन्नईतच जन्मला आणि वाढला. मराठी त्याला सगळी कळते, पण बोलायची वेळ आली की इंग्रजीत शिरतो. मराठीत बोललाच तर प्रत्येक वस्तू ‘ते’ होते. ते रस्ता, ते भाषा, ते डबा. तमिळमध्ये वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतं. ‘खुर्ची ती का आणि पलंग तो का?’ या त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मावशीचा मात्र जीव तुटतो. “माझ्याशी मराठीत बोल रे,” हे वाक्य मी त्या घरात दिवसातून चारदा ऐकलं.

टॉवरच्या टोकावर

अण्णा नगरची खूण म्हणजे टॉवर पार्क. 1968 मध्ये इथे आंतरराष्ट्रीय व्यापार आणि उद्योग प्रदर्शन भरलं होतं, त्या वेळी हा 135 फुटांचा मनोरा बांधला. सुरक्षेच्या कारणावरून तो 2011 पासून बंद होता. 2023 मध्ये पुन्हा खुला झाला. आत गोल गोल फिरत वर जायचं. वरून खालचे चौकोनी ब्लॉक, झाडांचे शेंडे आणि पाण्याच्या टाक्या दिसतात. खाली उतरलात की बागेत बसायला भरपूर जागा आहे.

आम्ही तिघं गेलो होतो: मी, मावसभाऊ आणि त्याचा खालच्या मजल्यावरचा तमिळ मित्र. वर वारा छान होता आणि मी माझी यादी वाचून दाखवत होते. पहिला नंबर नासच्या ‘इल्मॅटिक’चा, 1994. दुसरा लॉरिन हिलच्या ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’चा, 1998. पुढचे आठही अमेरिकेचेच.

मित्राने विचारलं, “तमिळ?”

मी म्हटलं, “मला तमिळ येत नाही. शब्द कळत नसतील तर यादीत कशी घेऊ?”

मावसभाऊ शांतपणे म्हणाला, “ताई, ‘इल्मॅटिक’चे शब्द तुला पहिल्यांदा ऐकताना कळले?”

नव्हते कळले. खरं सांगते, बी.ए.ला इंग्रजी घेतलेलं असूनही न्यूयॉर्कच्या त्या बोलीतलं मला अर्धंही कळलं नव्हतं. मी एक पूर्ण दुपार शब्द आणि त्यांच्या टिपा शोधत बसले होते. तेवढे कष्ट मी तमिळसाठी कधी घेतले नव्हते. आणि सांगायला लाज वाटते, मराठीसाठीही नाही.

हा वाद नेमका कशाचा?

घरातल्या मोठ्यांसाठी थोडक्यात सांगते. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात एका मुलीने इमारतीच्या हॉलमध्ये तिकीट लावून पार्टी ठेवली. तिला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ होता, डीजे कूल हर्क. गाण्यातला नाचायला लावणारा तुकडाच तो पुन्हा पुन्हा वाजवायचा. त्या ठेक्यावर माणसं बोलू लागली आणि हिप हॉपचा जन्म मोजला जातो तो त्या रात्रीपासून.

तमिळमध्ये हे आलं तेव्हा समोर सिनेमाचं संगीत डोंगरासारखं उभं होतं. सिनेमाबाहेरचा अल्बम काढणं हेच धाडस. 2006 मध्ये मलेशियातल्या योगी बी आणि नक्षत्र यांचा ‘वल्लवन’ आला. 2012 मध्ये आदि आणि जीवा या जोडगोळीने, म्हणजे ‘हिप हॉप तमिळा’ने, ‘हिप हॉप तमिळन’ काढला. आदि कोइंबतूरचा. पुढे हेच दोघं सिनेमाचे संगीतकार झाले. 2018 च्या जानेवारीत ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा गट पहिल्यांदा रंगमंचावर आला, तो किल्पॉकमध्ये. तुमची मेट्रो ज्या स्टेशनवरून गेली तेच किल्पॉक. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांमधलं गाना संगीत, रॅप आणि रॉक एकत्र करून ते जातीबद्दल थेट गात होते. त्यांच्यातलाच एक अरिवु, अरक्कोणमचा. 2019 मध्ये त्याचा ऑफ्रोबरोबरचा ‘तेरुक्कुरल’ हा अल्बम आला. दोन वर्षांनी ‘एंजॉय एंजामी’ देशभर गाजलं, त्यातला तोच.

मित्राचं मत ‘हिप हॉप तमिळन’ला होतं, मावसभावाचं ‘तेरुक्कुरल’ला आणि माझं ‘इल्मॅटिक’ला. टॉवरवरून उतरेपर्यंत आवाज इतके चढले होते की बाकावरच्या आजोबांनी पेपर खाली करून आमच्याकडे पाहिलं.

नडुवर मावशी

पोंगलच्या दिवशी टीव्हीवर पट्टिमन्रम लागलं होतं. एक विषय, दोन पक्ष आणि मध्ये बसलेला परीक्षक, त्याला ‘नडुवर’ म्हणतात. मदुराईचे तमिळचे प्राध्यापक सॉलोमन पापय्या यांनी हा प्रकार घरोघरी पोचवला. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विषय गंभीर असतो किंवा अगदी घरगुती असतो, पण वक्ते कोपरखळ्या मारत बोलतात आणि शेवटी नडुवरला निकाल द्यावाच लागतो.

काका म्हणाले, “यात आपल्याला नवीन काय आहे? आपल्याकडे कलगी-तुरा होताच की.” खरंच की! तुरेवाले शिवाला मोठं म्हणणार, कलगीवाले शक्तीला आणि रात्रभर सवाल-जवाब चालणार. काकांनी पुढे जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं, त्या काळात आपली लावणी तमिळ मुलखात गेली आणि तिथे ती वादाचंच गाणं झाली. कामदेवाच्या सणात दोन गायक समोरासमोर बसतात. एक म्हणतो, शंकराने मदनाला जाळलं. दुसरा म्हणतो, जाळलंच नाही. ‘एरिंद कट्चि’ आणि ‘एरियाद कट्चि’, म्हणजे जळाला म्हणणारा पक्ष आणि न जळाला म्हणणारा पक्ष. रॅपर समोरासमोर उभे राहून एकमेकांवर कुरघोडी करतात, त्याच जातीचा हा खेळ.

मग काय, त्याच रात्री गच्चीवर आमचं पट्टिमन्रम ठरलं. गच्चीला इथे ‘मोट्टै माडी’ म्हणतात, म्हणजे टकला मजला. खाली चटई, मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर नडुवर मावशी, हातात फिल्टर कॉफी. तिने एकच नियम घातला: “मला यातलं काही कळत नाही. मला समजेल असं सांगा. तू आणि हा मराठीत, तो तमिळमध्ये. इंग्रजी बंद.”

मित्र पहिला बोलला. त्याचं म्हणणं असं की ‘हिप हॉप तमिळन’मुळे कॉलेजातल्या मुलांना तमिळमध्ये रॅप करायची लाज वाटेनाशी झाली. मावशीने मान डोलावली.

माझी पाळी आली आणि मी अडखळले. ‘फ्लो’ला मराठीत काय म्हणू? मग ते सोडून दिलं आणि साधं सांगितलं. वीस वर्षांचा मुलगा आहे, सरकारी घरांच्या मोठ्या कॉलनीत राहतो. खिडकीतून जे दिसतं ते सांगतो. एक गाणं तर तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेलं पत्र आहे: कुणाला मूल झालं, कोण कसं वागतंय, वस्तीत काय चाललंय.

“खुशालीचं पत्र,” मावशी म्हणाली.

इतक्या टिपा वाचल्या होत्या मी, पण हा शब्द मला सुचला नव्हता.

शेवटी मावसभाऊ. उठून उभा राहिला. “तेरु म्हणजे रस्ता. कुरल म्हणजे आवाज. ते रस्त्याचं आवाज. पण आई, तिरुक्कुरळ आहे ना, बसमध्ये लिहिलेलं असतं, तिरुवल्लुवरचं. दोन-दोन ओळींचे 1330. त्याच्यासारखं नाव ठेवलं त्याने. म्हणजे ते मोठं पुस्तक शाळेत आहे, आणि हे रस्त्यावरचं.” मग तो थांबत थांबत अरिवुच्या आजीबद्दल बोलला. त्या घराण्यातल्या लोकांना मजुरीसाठी श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांत नेलं होतं, ते परत आले तरी जमीन नव्हती, हे सगळं. लिंगं चुकत होती, क्रियापदं चुकत होती. तो दहा मिनिटं बोलला आणि मध्ये कुणीही त्याला सुधारलं नाही.

मावशीची कॉफी गार झाली होती. काका हळूच म्हणाले, “साने गुरुजींनी ‘कुरल’ मराठीत आणलं होतं.” कोणत्या भाषेसाठी माणूस किती कष्ट घेतो, एवढंच बहुधा त्यांना सुचवायचं असावं.

निकाल

मावशीने घसा साफ केला. “पहिलं असणं आणि मोठं असणं वेगळं. म्हणून पहिला अल्बम बाद. पत्राचं मला पटलं. पण निकाल माझ्या मुलाच्या बाजूने.”

“मावशी, हा पक्षपात आहे!”

“आहे. नडुवर मी आहे.”

तुम्ही हसाल, पण पक्षपात कुठे नसतो? ‘रोलिंग स्टोन’ने 2022 मध्ये हिप हॉपच्या 200 अल्बमची यादी केली, त्यात पहिला नोटोरियस बी.आय.जी.चा ‘रेडी टू डाय’. ‘अ‍ॅपल म्युझिक’ने 2024 मध्ये सगळ्या प्रकारच्या संगीतातून 100 निवडले, त्यात पहिली लॉरिन हिल. परीक्षक बदलला की पहिला नंबर बदलतो. मावशीने निदान तिन्ही बाजू ऐकून घेतल्या होत्या, आणि आपला पक्षपात लपवलाही नव्हता.

जिना उतरताना तिने विचारलं, “तुमच्या कुणाच्याच यादीत मराठी नव्हतं. आपल्यात कुणी करत नाही का?”

करतात. मुंबईच्या ‘स्वदेसी’ गटाने आरेच्या जंगलासाठी ‘वारली रिव्होल्ट’ केलं, त्यात प्रकाश भोईरांचा आवाज आहे. अमरावतीपासून पुण्यापर्यंत मुलं आपापल्या बोलीत लिहितायत. मला नावं माहीत होती. नीट बसून ऐकलं मात्र नव्हतं. परतीच्या गाडीत ऐकलं, शब्द लिहून काढत.

अण्णा नगरला जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी बरे, हवा सोसते. संध्याकाळी टॉवर पार्क करा, मग चालत रौंडाना आणि सेकंड अ‍ॅव्हेन्यू. आणि घरी कधी असा वाद निघाला तर मावशीचा नियम लावून बघा: आपला आवडता अल्बम, घरातल्या ज्या माणसाला तो अजिबात कळत नाही, त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगायचा.

मावसभाऊ आता मला व्हॉइस मेसेज पाठवतो, मराठीत. परवाच म्हणाला, “ताई, ते यादी बदललं का तू?”

बदलली. आता ‘तेरुक्कुरल’ही त्यात आहे. नंबर मात्र मी अजून घातलेले नाहीत.