रॅमची पट्टी

आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर २०१३ सालचा. एरवी तो शहाण्यासारखा वागतो. मार्चअखेरीला व्याज आकारणी सुरू झाली, की मात्र काउंटरवरच्या मुली पासबुक हातात धरून नुसत्या स्क्रीनकडे बघत बसतात. टास्क मॅनेजर उघडला की दुखणं समोरच दिसतं : प्रोसेसर निवांत, मेमरी काठोकाठ. डेटाबेसला लागणारा पसारा मेमरीत मावत नाही, म्हणून ऊठसूट डिस्ककडे धाव. नवा सर्व्हर घ्यायचा तर संचालक मंडळाचा ठराव हवा. रॅम वाढवणं किरकोळ दुरुस्तीत बसतं.

आणि रॅम वाढवायची म्हटलं की मला अजून हुरूप येतो. नव्वदच्या दशकात सांगलीत कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो, तेव्हा मशीनमध्ये चार एमबी असली तरी डॉसचे प्रोग्रॅम ६४० केबींतच कोंबावे लागत. माउसचा ड्रायव्हर वर ढकल, कॉन्फिग.सिसमधल्या ओळी मागेपुढे कर. दहा-वीस केबी सुटले तरी दिवस सार्थकी लागायचा. तरी आम्ही श्रीमंतच. साठच्या दशकात मुंबईत टीआयएफआरमध्ये चालणाऱ्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाला चाळीस बिटांचे २,०४८ शब्द एवढीच मेमरी होती, म्हणजे आजच्या हिशेबात दहा केबी. तीही तारांत ओवलेल्या बारीक चुंबकी कड्यांची.

जुलै १९९३मध्ये जपानात निईहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपवर ओतायचं इपॉक्सी रेझिन जगाला मुख्यतः तिथूनच जायचं. रॅमचे भाव भडकले आणि आम्हाला सांगलीत बसून निईहामा हे नाव कळलं. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोड गाठावा, तर दुकानदार सराफासारखा ‘आजचा भाव’ सांगायचा आणि चहा पिऊन येईपर्यंत तो बदललेला असायचा. पुढे विंडोज ९५ आलं. कंपनी चार एमबी पुरते म्हणायची, पण आठशिवाय ते हलत नसे. पेंटियममध्ये पट्ट्या जोडीनंच लावाव्या लागत, त्यामुळे खर्चही जोडीनं.

पावसाळ्यात क्लासमधलं एखादं मशीन बीप-बीप करून गप्प बसायचं. मग पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवायचा, भुगा झटकायचा, पुन्हा बसवायची. मशीन चालू. रबरानं मुलामा झिजतो, असं करू नये, हे जाणकारांचं म्हणणं बरोबरच आहे. पण आपल्याकडे रिपेअरिंगवाल्याच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हरशेजारी खोडरबर असतोच, आणि तो उगाच नसतो.

आजच्या रॅमची मूळ कल्पना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची, १९६६ची. एका बिटाला एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. या कपॅसिटरमधला विद्युतभार गळत राहतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. सभासदांच्या ठेवींचा हिशेब दिवसभर एका गळक्या गोष्टीवर चालतो, हे मी चेअरमनसाहेबांना सांगितलेलं नाही.

सर्व्हरची पट्टी थोडी वेगळी असते. चौसष्ट बिटांमागे आठ बिटं जास्तीची. एखादं बिट उलटलं तर त्यांच्या आधारानं ते जागच्या जागी दुरुस्त होतं. शिवाय मधोमध एक रजिस्टरची चिप, जिच्यामुळे ही पट्टी घरच्या पीसीला चालत नाही. म्हणूनच मोठ्या डेटा सेंटरांनी सर्व्हर मोडीत काढले, की या पट्ट्यांना गिऱ्हाईक कमी आणि भाव पडलेला असायचा. आमच्यासारख्यांचं त्यात फावायचं. आम्ही आठ-आठ जीबींच्या आठ घेतल्या. कुठल्या बँकेत किंवा आयटी कंपनीत त्यांचा जन्म गेला, देव जाणे.

झाकण काढलं, हवा वळवणारा प्लॅस्टिकचा डक्ट उचलला, झाकणाच्या आतल्या नकाशाबरहुकूम स्लॉट निवडले. खाच जुळवून दोन्ही अंगठ्यांनी दाब द्यायचा. ‘खट्’ होऊन दोन्हीकडच्या क्लिपा आपोआप मिटतात. पहिल्यांदा चालू करताना पंखे किंचाळतात, स्क्रीन काळाच राहतो, नवशिक्याचा धीर सुटतो. शेवटी ६५,५३६ एमबी हा आकडा उमटला. दुसऱ्या कुठल्याही दुरुस्तीत जुनं यंत्र फार तर पहिल्यासारखं होतं. रॅम टाकली की ते पहिल्यापेक्षा चांगलं होतं. पुढच्या मार्चला व्याज आकारणी चालू असतानाही काउंटरवर पासबुकं भरून मिळत होती.

नव्या सर्व्हरची फाइल आता मंडळापुढे आहे. पण २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे भाव असे चढवलेत, की कोटेशनमधली रॅमची ओळ वाचून खजिनदारांनी चष्मा पुसला. सध्या एवढंच केलंय : काढलेल्या जुन्या पट्ट्या भंगारात द्यायच्या नाहीत, असं शिपाईमामांना बजावून ठेवलंय.