जाहिरातीचे वाचन



मराठीची पदवी घेऊन पुढे महाविद्यालयात अध्यापन करावे, अशी इच्छा आपल्यापैकी अनेकांच्या मनात असते. संपर्कसत्रांत त्याविषयी मला हमखास विचारले जाते. विचारणाऱ्यांत कोणी अंगणवाडी सेविका असते, कोणी एस.टी.चा वाहक. त्यांना मी सांगते : पदभरतीची एखादी जाहिरात आणा, आपण ती मिळून वाचू. भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने जाहिरात हीही एक संहिताच होय.

‘सहायक प्राध्यापक’ हे नाम सर्वांना दिसते. त्यालगतची विशेषणे मात्र नजरेतून निसटतात. ‘अनुदानित’ पदाच्या वेतनासाठी शासन अनुदान देते. ‘विनाअनुदानित’ पदाचे वेतन संस्थेने स्वतः द्यावयाचे असते. ‘तासिका तत्त्वावर’ म्हणजे जितके तास शिकविले तितकेच मानधन. सुट्यांचे दिवस कोरडे. पद कोणत्या प्रवर्गासाठी आहे हे बिंदुनामावलीनुसार ठरते, म्हणून तो रकाना आधी पाहावा.

‘पात्रता’ आणि ‘नियुक्ती’ हे शब्द आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. पात्रतेचा मार्ग स्पष्ट आहे. पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण हवेत. आरक्षित प्रवर्गांना त्यात सवलत असते. त्यासोबत नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावे लागते. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ मधील दुरुस्तीनुसार या पदासाठी पीएच.डी. ऐच्छिक आहे. वयाने थोर असलेल्यांनी हेही ध्यानात घ्यावे की कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीला वयोमर्यादा असली, तरी सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी नेटला ती नाही.

परंतु पात्रता परिश्रमाने मिळते. नियुक्तीसाठी रिक्त पद असावे लागते, त्याला मान्यता मिळावी लागते आणि त्याची जाहिरात निघावी लागते. हे आपल्या हाती नसते. माझ्या एका गुणी विद्यार्थिनीने सेट उत्तीर्ण होताच पतसंस्थेतील कायम नोकरी सोडली आणि तासिका तत्त्वावर शिकवू लागली. वर्गात तिचा शब्द विद्यार्थी झेलीत. तरी दर जूनमध्ये तिला पुन्हा मुलाखत द्यावी लागे. घरभाडे मात्र बाराही महिन्यांचे असे.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की परीक्षा अवश्य द्यावी. मात्र पूर्णवेळ नियुक्तीचा आदेश हाती येईपर्यंत असलेले काम सोडू नये. मुद्रितशोधन, अनुवाद, कोशकार्य यांसाठीही हेच भाषाज्ञान उपयोगी पडते. त्यांतील एखादे कौशल्य अभ्यासासोबत कमवावे.

या घटकाचा स्वाध्याय म्हणून अलीकडची एक जाहिरात मिळवा. तिच्यातील विशेषणे अधोरेखित करा आणि प्रत्येकासमोर लिहा : या शब्दामुळे माझ्या घरात दरमहा काय येईल, आणि किती महिने येईल?