दुरुस्ती निघाली, पण पोचली का?

लष्करी शाळेत पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट अंगवळणी पडते. हुकूम देणे हे अर्धेच काम असते. रात्रीच्या रोल कॉलला सूचना सांगितली जाते, ती खालपर्यंत जाते आणि काम झाले की तसा रिपोर्ट परत वर येतो. तो रिपोर्ट येईपर्यंत काम झाले असे कोणी धरत नाही. मोबाईल फोनच्या दुनियेत मात्र हा उलटा रिपोर्ट कोणी मागतच नाही, हे मला गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कळले.

शाळेत आम्हाला फोन वापरायची परवानगी नाही. रविवारी हाऊसमधून घरी बोलायला मिळते, तेवढाच काय तो संबंध. सातारा जिल्ह्यात आमचे घर आहे. बाबा फौजेत, सध्या घरापासून लांब पोस्टिंगवर. घरी आई आणि आबा. आबा म्हणजे माझे आजोबा, निवृत्त हवालदार. त्यांच्या एका फोनमध्ये आमचे निम्मे घर मावते. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज, विजेचे बिल, गॅसचे बुकिंग, बाबांचे व्हिडिओ कॉल आणि माझा रविवारचा फोन, सगळे त्यातच.

फोन हळू चालतो म्हणून आबांनी तो माझ्या हातात दिला. सेटिंगमध्ये गेलो तर सुरक्षा अपडेटची तारीख दीड वर्षापूर्वीची. 'अपडेट तपासा' हे बटण दाबले. उत्तर आले, 'तुमचा फोन अद्ययावत आहे.' मी आबांना दोन्ही गोष्टी वाचून दाखवल्या. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे संतरी उभा आहे, पण दीड वर्षात त्याला नवा परवलीचा शब्द कोणी सांगितलाच नाही. जुना शब्द एव्हाना शत्रूलाही पाठ झाला असेल."

आबा संगणक शिकलेले नाहीत, पण त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले. अँड्रॉइडमध्ये एखादी त्रुटी सापडली की गुगल तिची दुरुस्ती तयार करून जाहीर करते. ती दुरुस्ती जशी आपल्याला दिसते, तशी चोरालाही दिसते. जुना आणि नवा प्रोग्राम शेजारी ठेवून तो पाहतो, कुठे टाका घातला आहे. जिथे टाका, तिथेच आधी भोक होते. म्हणजे दुरुस्ती जाहीर झाल्या दिवसापासून, ज्याच्या फोनवर ती पोचली नाही त्याचा धोका कमी होत नाही, उलट वाढतो.

मग ती अडकते कुठे? शाळेत परतल्यावर मी संगणकाच्या सरांना विचारले आणि वाचनही केले. गुगलकडून निघालेली दुरुस्ती फोन बनवणाऱ्या कंपनीकडे येते. काही दुरुस्त्या चिप बनवणाऱ्या कंपनीकडून याव्या लागतात. फोनची कंपनी ती आपल्या प्रत्येक मॉडेलमध्ये बसवते. अमेरिकेत पुढे आणखी एक नाका आहे, मोबाईल नेटवर्क कंपन्यांचा. तिथे बरेच लोक फोन नेटवर्क कंपनीकडूनच हप्त्यांवर घेतात. त्यामुळे अपडेट आधी त्या कंपनीच्या चाचणीतून जाते आणि मगच ग्राहकाला मिळते.

या नाक्यावरच्या उशिराबद्दल अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संस्थेने एप्रिल २०१३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली. ती व्हेरायझन, एटी अँड टी, स्प्रिंट आणि टी-मोबाईल या चारही मोठ्या नेटवर्क कंपन्यांविरुद्ध होती. दुरुस्ती तयार असूनही ग्राहकापर्यंत पोचत नाही आणि हे त्याला कोणी सांगतही नाही, असे तक्रारीचे म्हणणे होते.

दोनच वर्षांत त्याचा पुरावा मिळाला. २०१५ मध्ये जोशुआ ड्रेक या संशोधकाला अँड्रॉइडच्या 'स्टेजफ्राइट' नावाच्या भागात मोठ्या त्रुटी सापडल्या. खास बनवलेला एक एमएमएस आला की फोन दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकत होता. मेसेज उघडायचीही गरज नव्हती, फक्त नंबर माहीत हवा. सुमारे ९५ कोटी फोन या धोक्यात होते असा अंदाज तेव्हा दिला गेला. ड्रेकने त्रुटींसोबत दुरुस्त्याही गुगलला दिल्या होत्या. तरी जुलै २०१५ च्या अखेरीस ही बातमी जगाला कळली, तेव्हा बहुतेक फोन तसेच उघडे होते. दुरुस्ती होती, पण वाटेत होती. त्यानंतर ऑगस्टमध्ये गुगलने दर महिन्याला सुरक्षा अपडेट देण्याचे जाहीर केले.

नेटवर्क कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. चाचणी न करता पाठवलेल्या अपडेटने उद्या तातडीचा कॉलच लागला नाही तर? ही भीती खोटी नाही. गेटवरच्या संतरीने डिस्पॅच रायडरचा पास तपासलाच पाहिजे. पण तपासायचे म्हणून त्याला महिनोन्‌महिने गेटवर बसवून ठेवणे याला सुरक्षा म्हणत नाहीत. मनात आणले तर नेटवर्क कंपनी किती चपळ होऊ शकते, तेही याच वेळी दिसले. जर्मनीच्या डॉइच टेलिकॉमने एमएमएस थेट फोनवर पोचवणे काही काळ बंद केले. दुरुस्ती आपल्या हातात नाही, पण दार तर आपल्या हातात आहे, असा विचार त्यांनी केला.

आपल्या देशात बहुतेक लोक फोन दुकानातून घेतात आणि सिम वेगळे. नेटवर्क कंपनीचा नाका आपल्याकडे जवळजवळ नाहीच. तरी आबांच्या फोनवर दीड वर्ष काही आले नाही. म्हणून मला वाटते, दोष एका नाक्याचा नाही. वाटेवरचा प्रत्येक जण 'माझ्याकडून पुढे गेले' किंवा 'अजून तपासतोय' म्हणू शकतो आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचले का, याचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही. धोका मात्र सगळा त्या शेवटच्या माणसाचा. आपली सरकारी संस्था सर्ट-इन अँड्रॉइडच्या त्रुटींबद्दल वेळोवेळी इशारे देते आणि अपडेट करायला सांगते. पण अपडेट आलेच नाही तर आबांनी करायचे काय?

काही बाबतीत सुधारणा झाली आहे. फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ च्या अहवालात सुचवले, की फोनला किती काळ सुरक्षा अपडेट मिळणार हे कंपन्यांनी ग्राहकाला आधीच सांगावे. गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ ला ७ वर्षांच्या अपडेटचे वचन दिले. युरोपीय संघात जून २०२५ पासून नवे नियम लागू झाले. मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षे अपडेट मिळावेत, असे त्यांत आहे. पण ७ वर्षांचे वचन मिळालेले हे फोन महाग आहेत. पेन्शनवर जगणारा माणूस दुकानात जाऊन साधा फोन मागतो. ज्याचे थोडेच पैसे आहेत, त्याचेच ते आधी उघड्यावर पडावेत, हे मला पटत नाही.

आबांसाठी नवा फोन लगेच घेणे शक्य नव्हते. बाबांशी बोलून आम्ही ठरवले, की बँकेचे ॲप त्या फोनवरून काढायचे, अनोळखी लिंक उघडायची नाही आणि नोव्हेंबरचा हयातीचा दाखला बँकेत जाऊनच द्यायचा. आबांना त्यासाठी एसटीने तालुक्याला जावे लागेल. कंपनीचा उशीर असा एका म्हाताऱ्या माणसाच्या पायांवर येतो.

मित्रांनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा आईचा, आजीचा, आजोबांचा फोन मागून घ्या. 'अद्ययावत आहे' या शब्दांवर जाऊ नका, सुरक्षा अपडेटची तारीख वाचा. नवा फोन घेताना दुकानदाराला कॅमेऱ्याआधी विचारा, सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार? पुष्कळदा त्याला उत्तर येणार नाही. तरी विचारा. गिऱ्हाईक रोज तेच विचारू लागले, की दुकानदार कंपनीला विचारेल. आपल्या शाळेत खालून वर रिपोर्ट जातो तो असाच, आणि तो गेल्याशिवाय वरच्याला झोप लागता कामा नये.